जीपगाड्यांच्या चाकांचे वाढते घेर

पावसाळ्याच्या दिवसांत यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या मोटारींकडे ज्याने गेल्या चार-पाच वर्षांत थोडे लक्ष दिले असेल, त्याच्या नजरेतून एक बदल सुटलेला नसेल. जीपवर्गातील मोटारींची चाके मोठी होत चालली आहेत. कारखान्यातून आलेली चाके महिन्या-दोन महिन्यांतच उतरविली जातात आणि त्यांच्या जागी अधिक रुंद, अधिक उंच, खोल खाचांची व मडगार्डाच्या बाहेर डोकावणारी चाके येतात. सातारा, कराड आणि सांगली-मिरज परिसरातील टायरच्या दुकानांत या व्यवसायाला चांगली बरकत आली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या रूपातील थार बाजारात आल्यापासून या हौसेने वेग घेतला, हे मान्य करावयास हरकत नाही. नाशिकला बनणारी ही गाडी सातारा-सांगलीच्या बागायतदाराच्या, ठेकेदाराच्या आणि पुण्यात नोकरी करून शनिवारी गावी येणाऱ्या तरुणाच्या मनात भरली, यात नवल नाही.

ज्याच्याकडे अशी मोटार नाही, त्याने या विषयात लक्ष का घालावे, असा प्रश्न शिक्षक वा कारकून वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की घाटाचा रस्ता सर्वांचा आहे. समोरून येणाऱ्या मोटारीचा ब्रेक किती अंतरात लागतो, तिचा चालक काट्यावर जो वेग वाचतो तो खरा आहे की नाही, आणि तिच्या चाकाने उडविलेला खडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर बसतो की मडगार्डात अडकतो, या गोष्टींचा संबंध मोटारीच्या मालकापेक्षा इतरांशीच अधिक येतो.

चाकाचे माप ही या मुलखाला नवी विद्या नव्हे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना गावचा लोहार आधी चाकाचा परीघ मोजून घेई आणि धाव त्याहून किंचित लहान ठेवी. तापवून फुगलेली धाव चाकावर बसविली आणि पाणी ओतले, की ती आवळून आरे जागच्या जागी घट्ट होत. धाव मोठी राहिली तर चार दिवसांत निसटे, फार लहान झाली तर चाकालाच पीळ पडे. लोहाराचे शिक्षण कोठल्या शाळेत झालेले नसे, पण मापाविना धाव चढविणारा लोहार गावात टिकत नसे. पुढे कृष्णाकाठच्या उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले, वाडी-वस्तीवर वडापच्या जीपा आल्या. त्या काळी जीपचा टायर म्हटले की ‘सहा-सोळा’, म्हणजे सहा इंच रुंदीचा व सोळा इंची रिमवर बसणारा. विलीस जीपचे हेच माप होते. निवड करावयाची नसल्याने चूक होण्याची सोयही नव्हती.

आज निवड आहे, आणि ती ज्या आकड्यांत लिहिलेली असते ते आकडे वाचण्याची सवय मात्र नाही. थारच्या एका प्रकाराला कारखान्यातून २४५/७५ आर १६ हे टायर मिळत आले, तर दुसऱ्या प्रकाराला २५५/६५ आर १८. या लिहिण्यात तीन निरनिराळी परिमाणे एकत्र नांदतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या शेकडा किती, ते सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. आठवीच्या विद्यार्थ्याला करता येईल असा हा हिशेब आहे. २४५ च्या शेकडा ७५ म्हणजे १८३.७५ मिलिमीटर. अशा दोन भिंती, वर व खाली, म्हणून ३६७.५. त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिलिमीटर मिळविले, की चाकाचा एकूण व्यास ७७३.९ मिलिमीटर येतो. अठरा इंची चाकाचा व्यास याच रीतीने ७८८.७ मिलिमीटर भरतो. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढूनही संपूर्ण चाक जेमतेम दोन टक्क्यांनी वाढले.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचे उदाहरण याहून बोलके आहे. तिच्या साध्या प्रकाराला २५५/६५ आर १८ आणि वरच्या प्रकाराला २५५/६० आर १९ असे टायर दिले गेले. दुसऱ्याचा व्यास काढून पाहिला तर तो ७८८.६ मिलिमीटर येतो. पहिल्याशी एक दशांश मिलिमीटरचा फरक. रिम वाढविली तेवढी टायरची भिंत कमी केली आणि चाकाचा घेर तसाच राखला. कारखान्यातील अभियंता रिम बदलतो तेव्हा जी गोष्ट जपतो, तीच गोष्ट दुकानातील व्यवहारात सर्वांत आधी सोडून दिली जाते, ही या प्रकरणातील मेख आहे.

दुकानात काय होते? सोळा इंची चाकांची मोटार घेऊन आलेल्या मालकाला सतरा इंची अलॉय रिम आणि तिच्यावर २८५/७० चा टायर दाखविला जातो. दिसायला चाक भरदार होते. त्याचा व्यास मात्र ८३०.८ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकाहून सव्वासात टक्क्यांच्याही वर मोठा असतो. मूळ चाक एक किलोमीटरला सुमारे ४११ फेरे घेत होते, नवे चाक ३८३ फेऱ्यांतच ते अंतर कापते. मोटारीचा वेगमापक फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. म्हणून काटा ८० वर असताना हिशेबाने मोटार जवळपास ८६ च्या वेगाने धावते. कारखाने वेगमापक मुळातच किंचित पुढे दाखवील असा ठेवतात, त्यामुळे यातला काही फरक पोटात जिरतो, हे खरे. परंतु ती सूट अभियंत्याने चालकाच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली असते, टायरच्या दुकानाने खर्च करून टाकण्यासाठी नव्हे. जाता जाता आणखी एक. हजार किलोमीटर चाललेल्या अशा मोटारीच्या मीटरवर ९३१ चाच आकडा चढतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

या साऱ्या खटाटोपातून पोटाखालची उंची किती मिळते? व्यासातील वाढ ५७ मिलिमीटर, पण जमिनीपासून आसाची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, म्हणजे २८ मिलिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही. या २८ मिलिमीटरांसाठी मोटारीच्या साऱ्या यंत्रणेला किंमत मोजावी लागते.

ही किंमत घाटात कळते. चाक मोठे झाले म्हणजे प्रत्येक गियर सात टक्क्यांनी ‘उंच’ होतो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात किंवा पाटणकडून चिपळूणला नेणाऱ्या कुंभार्लीत जाणते चालक ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाहीत, खालच्या गियरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरतात. मोठ्या चाकाने तो आधार त्याच प्रमाणात सैल होतो आणि ओझे ब्रेकवर पडते. ब्रेकची तबकडी तर मूळचीच राहिलेली असते. ती धरते चाकाच्या मध्याजवळ, आणि जमिनीवर थांबविणारा जोर पोहोचतो चाकाच्या कडेला. कड जितकी लांब गेली तितका तो जोर पायाच्या त्याच दाबाला कमी भरतो. शिवाय रुंद टायर व मोठी रिम यांचे वजन अधिक, आणि ते वजन फिरणारे. फिरते वजन थांबविणे हे मोटारीच्या टपावर ठेवलेल्या ओझ्यापेक्षा ब्रेकला अधिक जड जाते. चाके घसरू न देणाऱ्या विद्युत यंत्रणाही मूळ घेर गृहीत धरून जुळविलेल्या असतात. थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, याचा मालकांना अभिमान असतो. ते तारे कारखान्यातून निघाली तशा मोटारीचे आहेत.

एवढ्यावर प्रकरण थांबत नाही. रुंद चाक पूर्ण वळवले की आतल्या भागाला घासते. म्हणून ते बाहेर सरकविण्यासाठी वेगळ्या ‘ऑफसेट’ची रिम येते, म्हणजे हबवर बसणारा रिमचा भाग आतल्या बाजूस सरकवलेली. चाक मडगार्डाबाहेर आले की दिसायला ऐट येते, पण बेअरिंगवर व स्टिअरिंगच्या सांध्यांवर तरफेचा जोर वाढतो, आणि रस्त्यावरचा चिखल व खडी अडविणारे वर काही उरत नाही. शेंद्र्याहून साताऱ्याकडे किंवा विट्याहून तासगावकडे दुचाकीवर शाळेला जाणाऱ्या शिक्षकाला या ऐटीचा प्रसाद पावसाळ्यात मिळतो. तरीही चाक घासलेच, तर मोटारच दोन इंच उचलण्याचा उपाय सुचविला जातो. मोटार उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलंडण्याकडे तिचा कल वाढतो. एका चुकीच्या मापाची भरपाई दुसऱ्या चुकीने, आणि दुसरीची तिसरीने, असा हा व्यवहार चालतो. प्रत्येक पायरीवर बिल मात्र वेगळे होते.

हे सारे डोंगरात उपयोगी पडावे म्हणून केले जाते, असा दावा असेल तर तोही तपासून पाहावा. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जमिनीचे जितके प्रकार आहेत तितके एका दिवसाच्या प्रवासात क्वचितच भेटतात. कास-महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा, त्याखाली काळा कातळ; चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जाणारे मुरमाचे रस्ते; वाळवा, पलूस, मिरजेकडे कृष्णा-वारणेची काळी चिकण माती; आणि जत-आटपाडीला उघडा माळ. एकच टायर या सर्व ठिकाणी श्रेष्ठ असूच शकत नाही. जांभ्यावर व कातळावर उपयोगी पडते ती टायरची उंच भिंत. हवा थोडी कमी केली की ती दबते, दगडाला मिठी मारते आणि रिमला धक्का लागू देत नाही. म्हणजे डोंगरासाठी योग्य निवड लहान रिम आणि जाड टायर ही होय. कारखान्याची सोळा इंची चाके याच विचाराची आहेत. जिला ‘ऑफ-रोड’ म्हणून सजविले जाते त्या मोटारीवर वीस इंची चकचकीत रिम आणि पातळ भिंतीचा टायर चढविणे म्हणजे पैलवानाला लंगोटाऐवजी रेशमी सोवळे नेसवून आखाड्यात उतरविणे आहे.

काळ्या मातीचा प्रकार आणखी निराळा. त्या चिखलात खोल खाचांचे टायर उपयोगी पडतात खरे, पण ती माती खाचांत चिकटून बसली की दहा-वीस फुटांत टायर गुळगुळीत टायरासारखाच फिरू लागतो. वरचा चिखल पातळ आणि खाली कठीण थर असेल तर अरुंद टायर तो चिखल कापून तळाशी पोहोचतो, रुंद टायर वरच तरंगत राहतो. तळच नसेल तर मात्र रुंद टायराचा लाभ होतो. थोडक्यात, रुंद तेवढे चांगले हा समज शेतकऱ्याच्या अनुभवाला धरून नाही. आणि बत्तीस-पस्तीसची हवा अठरा-वीसवर आणली तर मूळ मापाचा टायरही जमिनीवर बराच पसरतो. या उपायाला खर्च येतो तो पुन्हा हवा भरण्याच्या पंपाएवढा. तेवढी हवा पुन्हा भरल्यावाचून डांबरी रस्त्यावर वेगाने जाऊ नये, ही अट मात्र कडक आहे. दबलेली भिंत तापते आणि टायर फुटतो.

खोल खाचांच्या टायरची दुसरी बाजू डांबरावर दिसते. त्याचे ठोकळे मोठे व विरळ असल्याने ओल्या रस्त्याला टेकणारे रबर कमी, म्हणून थांबण्याचे अंतर जास्त. आणि या मोटारींचे बहुतेक आयुष्य डांबरावरच जाते. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीपासून पेठ नाक्यापर्यंत जी चाके गुरगुरत जातात, त्यांनी चिखल वर्षातून किती दिवस पाहिला, हे त्यांच्या मालकांनीच मनाशी ठरवावे. कासच्या पठारावर तर चिखल पाहण्याचा हक्कच कोणाला नाही. जांभ्यावरचा मातीचा पापुद्रा काही ठिकाणी बोटभरही जाड नसतो, त्यावर फुले येतात म्हणून तर पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रुंद चाकाचा एक फेरा तेथे अनेक पावसाळे दिसत राहतो.

टायरवर आणखी दोन खुणा असतात, त्यांच्याकडे तर कोणी पाहतच नाही. मापापुढे एक अंक व एक अक्षर असते. अंक भाराचा, अक्षर वेगाचे. १११ म्हणजे एका टायरने १०९० किलो पेलावे, १०५ म्हणजे ९२५ किलो. ‘क्यू’ अक्षर ताशी १६० किलोमीटरपर्यंतची मर्यादा दाखविते, ‘एस’ १८० ची. रुंदीच्या मोहात घेतलेला टायर भारात मूळ टायराहून उणा नसावा, ही किमान तपासणी आहे. पाच माणसे व सामान घेऊन घाट चढणाऱ्या मोटारीला १०५ च्या जागी १११ हवे असते, हे दुकानदाराने सांगितले नाही तरी ग्राहकाने विचारले पाहिजे.

आता कायद्याकडे वळावे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम वाहनात बदल करण्यास मर्यादा घालते. २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा, की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. पण खासगी मोटारीच्या नोंदणीपत्रात टायरचे माप साधारणपणे लिहिलेलेच नसते. तेव्हा जे नोंदीतच नाही ते बदलल्याने कायदा मोडतो काय, हा वाद उभा राहिला. केरळ उच्च न्यायालयाने मालकाला अनुकूल असा अर्थ लावला होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर अशा बदलाचा मुद्दा काढून विमा कंपनीने दाव्याला हरकत घेतली, तर मालकाची बाजू लंगडी पडते, हे वेगळेच.

कायदा असा कडक, आणि रस्त्यावरचे चित्र पाहावे तर जणू काही कायदाच नाही. कधी एखादी मोहीम निघते, आठ दिवस पावत्या फाटतात, मग सारे पूर्ववत. पकडला जाणारा मालक विचारतो, की उसाच्या हंगामात गोटा झालेल्या टायरांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्याने रात्रंदिवस जातात, त्यांच्या टायरांकडे कोण पाहतो? त्याचा प्रश्न चुकीचा नाही. मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून कमी झिजू नयेत असा नियम आहे, आणि तो तपासायला खिशातील नाणेही पुरते. पण दुसऱ्याचा गोटा टायर हे आपल्या अवाढव्य टायराचे समर्थन होऊ शकत नाही.

खरी उणीव अशी, की सरसकट मनाई आणि सरसकट डोळेझाक यांच्यामध्ये जी वाट असावयास हवी ती आपल्याकडे बांधलेलीच नाही. जर्मनीत बाजारातून घेतलेली रिम कोणत्या मोटारीवर कोणत्या टायरासह चालते याचे प्रमाणपत्र तिच्याबरोबर येते, आणि गरज असेल तेथे तपासणी करून त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत होते. हौस तेथेही आहे, पण तिला मोजपट्टी लावली जाते. आपल्याकडे वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात, साताऱ्याहून अडीच तासांच्या अंतरावर आहे. प्रत्येक मोटारीसाठी मूळ मापाखेरीज कोणती मापे चालतील, व्यासात किती टक्क्यांपर्यंत फरक चालेल, ऑफसेट किती असावा, याचे कोष्टक तयार करून ते परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर व टायरच्या दुकानात लावणे अशक्य नाही. उत्पादकाने दुसऱ्या प्रकाराला दिलेले माप आपल्या मोटारीला बसविणे सुरक्षित असते असे व्यवहारात मानले जाते. पण तेही कोठे स्पष्ट लिहून दिलेले ग्राहकाच्या हाती पडत नाही. जो विकतो त्याने बिलावर जुना व नवा व्यास, भाराचा अंक आणि फरकाची टक्केवारी लिहिणे सक्तीचे केले, तर निम्मा प्रश्न काउंटरवरच सुटेल. आज दंड मालकाला होतो आणि विकणारा नामानिराळा राहतो.

चार चाके बदलताना पाचव्या चाकाचा विसर पडतो, तोही या बिलावर दिसला पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी स्टेपनी जुन्या मापाचीच ठेवली जाते. थारची चारचाकी ओढ चालकाने लीव्हर टाकून जोडावयाची असते आणि जोडल्यावर पुढची व मागची चाके एकाच गतीने फिरावी लागतात. घाटात पंक्चर झाल्यावर एका बाजूला सात टक्क्यांनी लहान चाक लावून ही ओढ चालू ठेवली, की तो ताण गियरच्या दातांवर जातो. ज्या मोटारीला संकटात उपयोगी पडावी म्हणून सजविले, ती नेमकी संकटातच अडकते.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, आणि एरवी तपासणीची पाळी नूतनीकरणाच्या वेळीच येते. २०२० च्या अखेरीस साताऱ्याच्या एमएच ११, सांगलीच्या एमएच १० किंवा कराडच्या एमएच ५० क्रमांकाखाली नोंदल्या गेलेल्या थार अशा तपासणीसाठी २०३५ मध्ये परिवहन कार्यालयाच्या आवारात उभ्या राहतील. नूतनीकरणाच्या दिवसापुरती मूळ चाके परत बसविण्याची सोय कोणत्याही गॅरेजात होते.